गुंडोरावांची कवळी

मी कवळी बोलतेय. नाक मुरडू नका. तुमच्या घरात कुणाच्या तरी तोंडात माझी एखादी बहीण असेलच, आणि नसली तर पुढेमागे येणारच आहे. वरची आणि खालची मिळून मी एक. हिरड्या प्लास्टिकच्या, दात प्लास्टिकचे. लोक मला खोटे दात म्हणतात. म्हणू देत. खऱ्या दातांची माणसं किती खरं बोलतात ते मी आयुष्यभर ऐकलंय.

आत्ता मी चेन्नईत आहे. वेस्ट मांबलमच्या एका फ्लॅटात, मागच्या बाल्कनीत, स्टीलच्या डबीत. ज्यांची मी, ते गुंडोराव गेले. ते कसे गेले हे मला सांगायचंय, आणि कुणीतरी ऐकून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

माझा जन्म लांबचा. आफ्रिकेत झांबिया म्हणून देश आहे, तिथं कित्वे नावाचं तांब्याच्या खाणींचं गाव आहे. गुंडोराव तंजावरकडच्या मराठी घरातले. या लोकांची मराठी जुनी, अर्धं तमिळ मिसळलेली, आणि बोलायची चाल तर अगदी तमिळ. लग्न झालं, मुलगा झाला, आणि गुंडोराव बोटीत बसले. आधी मोंबासा, मग दारेस्सलाम, मग कित्वे. तिथं खाणीच्या कंपनीत स्टोअरकीपर. बायको अलमेलू आणि मुलगा वेंकट इकडे मांबलमला. त्यांची आई घर सोडून हलायला तयार नव्हती, आणि अलमेलू सासूला सोडून हलायला तयार नव्हती. झालं. माणूस तिकडे, संसार इकडे.

चाळिशीही गाठली नव्हती तर त्यांच्या हिरड्या सडल्या. एकेक दात हलायला लागला. कित्वेत एक गोव्याकडचा दातांचा डॉक्टर होता, त्यानं सगळे उपटून काढले. मग गार चिकट लगदा तोंडात दाबून ठसा घेतला, ठशात प्लास्टर ओतलं, प्लास्टरवर मेण चढवलं, मेणात दात रोवले, आणि शेवटी मेणाच्या जागी हे गुलाबी प्लास्टिक. म्हणजे त्यांच्या तोंडातला उंचसखल भाग जसा, तशीच मी. जगात दुसऱ्या कुणाच्याही तोंडात मी बसणार नाही. बायकोचंसुद्धा नवऱ्याशी एवढं जुळत नसतं.

डॉक्टरनं पांढरेशुभ्र दात पुढे केले. गुंडोराव म्हणाले, "नको हो. थोडे पिवळट द्या. मी पान खाणारा माणूस. घरी गेलों तर बायको दारातून परत पाठवील."

तेव्हा घरी फोन लावणं सोपं नव्हतं आणि पत्राला आठवडे लागायचे. गुंडोराव कॅसेट भरून पाठवायचे. महिन्याला एक. तिकडचा पाऊस, खाणीतल्या गमती, अलमेलूला स्वयंपाकाच्या सूचना, वेंकटला पाढे. मी तोंडात आले आणि गुंडोराव पहिल्याच वेळी टेपसमोर बसले तर सगळी त ट थ द पाघळायला लागली. लाळ सांडायला लागली. त्यांनी टेप बंद केला आणि आरशासमोर उभे राहिले.

"वेंकटा, जेवलास कां? अलमेलू, आईचे पाय दुखतात कां?"

हे शंभर वेळा. माझी कड लागून जीभ सोलली, हिरडीतून रक्त आलं. मला काढून ठेवायचं, चूळ भरायची, पुन्हा घालायचं, पुन्हा बोलायचं. पोरगं बापाचा चेहरा विसरलं तर विसरू दे, पण आवाज तोच राहायला हवा, असा त्यांचा हट्ट. महिनाभरानं कॅसेट गेली. वेंकटनं ऐकली, अलमेलूनं ऐकली, कुणालाही काहीही कळलं नाही. गुंडोराव जिंकले. त्या जिंकण्यानंच पुढे त्यांचा घात केला, ते मग सांगते.

तोंडात राहिलं की माणूस आतून कळतो. राग आला की माणसं आधी दाढा आवळतात, बोलतात नंतर. दुसऱ्याच्या ताटात चांगलं पडलं की यांच्या तोंडात लाळ वाढते आणि तोंडानं म्हणतात, घ्या हो, पोटभर घ्या. गुंडोरावांचं निराळं होतं. दर दोन वर्षांनी रजा संपवून परत निघाले की मीनंबाक्कमच्या विमानतळावर हसत हात हलवायचे आणि आत मला असं करकचून दाबायचे की एकदा माझ्या एका दाढेचा टवका उडाला. बाहेर अलमेलू म्हणत होती, "बघा, किती मजेत जाताहेत. दगड आहे दगड."

येताना वेंकटसाठी शर्ट आणायचे. दर खेपेला तोकडा. मागच्या खेपेला पाहिलेलं पोर डोक्यात तेवढंच राहायचं, म्हणून थोडं मोठं माप घेत, तरी पोर त्याच्या पुढे गेलेलं असे. वेंकट तो शर्ट मनगटं उघडी टाकून शाळेत घालून जायचा. कुणी हसलं तर मारामारी करायचा. बापावर जीव नव्हता असं कुणी म्हणू नये. पुढं काय झालं ते ऐकाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

साठी उलटल्यावर गुंडोराव कायमचे परत आले. सगळ्यांना वाटलं म्हातारा आता गप्प बसून जप करील. छे! ते तर बोलायलाच आले होते. इतकी वर्षं कॅसेटमध्ये एकट्यानं बोललेला माणूस. आता समोर ऐकणारी माणसं. सून रंजनी चटण्या वाटायची आणि हे बाहेरून तिला मोंबासाच्या बाजाराची गोष्ट सांगायचे. नात संयुक्ता यांच्या पोटावर बसून ऐकायची. ती आता मोठी झाली, कंप्युटरच्या कंपनीत जाते, मराठी तिच्या जिभेवर अर्धीच बसलीये, पण ताताशी मात्र ती मराठीतच बोलायची. तमिळमध्ये आजोबांना ताता म्हणतात, यांच्या घरातही तेच.

"ताता, तू सिंह बघितला का खरंच?"

"बघितला की. मांबलम स्टेशनावरच्या कुत्र्याएवढा होता."

"पोय!" म्हणजे खोटं. आणि ती हसून लोळायची.

मांबलमच्या दातांच्या डॉक्टरनं मला आतून दोनदा नवं अस्तर लावून दिलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, "सार, हे आता म्युझियमला द्या. नवी करून घ्या."

"नको," गुंडोराव म्हणाले. "नवी आली तर पुन्हा बोलायला शिकायला लागेल. तेवढा वेळ नाही मला."

आणि एक. मला त्यांनी कधी कुणासमोर काढलं नाही. न्हाणीघराचं दार लावायचं, नळ सोडायचा, मला घासायचं, घालायचं, आणि मगच कडी काढायची. झोपतानाही मी तोंडातच. दात खोटे आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दात नसलेले गुंडोराव कसे दिसतात आणि कसे बोलतात, हे कुणालाही ठाऊक नव्हतं. हा तो घात. त्यांचा तो आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता, मग ओळखणार कुठून?

अलमेलू गेली त्याला काही वर्षं झाली. दरवर्षी तिचं श्राद्ध घरीच होतं. या घरात सोवळं कडक. रंजनी त्या दिवशी सोवळ्यातले कपडे काठीनं उचलते, हातानं नाही. आणि मी तर उष्टी. चोवीस तास माणसाच्या तोंडात राहणारी वस्तू, तिच्याहून उष्टं काय असणार? म्हणून श्राद्धाच्या दिवशी, वर्षातून तेवढाच एक दिवस, गुंडोराव मला काढून डबीत घालायचे आणि मागच्या बाल्कनीत ठेवायचे, आणि पिंड होऊन कावळा शिवेपर्यंत उपरण्याचं टोक तोंडावर धरायचे, शब्द काढायचे नाहीत. लोकांना वाटायचं मौन आहे. मौन कसलं, लाज ती.

यंदाही तसंच. रंजनी ओल्या नऊवारीत काठी घेऊन बाल्कनीत आली. वाटेत डबी. तिनं काठीच्या टोकानं मला सरकवलं ते थेट साबणाच्या पुड्याच्या मागे. तिची चूक नाही. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलेलं.

श्राद्ध वेंकटनं केलं, पण कावळ्यासाठी भात गच्चीवर ठेवायला गुंडोराव स्वतः जायचे. ओलेतं धोतर, ओले पाय, हातात केळीचं पान. जिन्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, उजवं मनगट मोडलं. माणसं ओरडत धावली, रंजनी सोवळं विसरून धावली, अँब्युलन्स आली आणि गेली. मी साबणाच्या पुड्यामागे.

दवाखान्यात नर्सनं विचारलं, "डेंचर आहे का? ऑपरेशनच्या आधी काढायला लागेल."

रंजनी म्हणाली, "काढलेलंच आहे. घरी आहे." आणि तिला बरंच वाटलं, एक काम कमी झालं म्हणून. मला हे कसं कळलं? घरी येऊन तिनंच फोनवर तिच्या बहिणीला सांगितलं. स्वयंपाकघराची खिडकी आणि मी, मध्ये नुसती जाळी. त्यानंतरचं सगळं मी त्या खिडकीतून ऐकलं. ऐकण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, आणि तशी शिक्षा शत्रूलाही होऊ नये.

खुब्याचं ऑपरेशन झालं. भूल उतरताना गुंडोराव दोन दिवस खरंच बरळले. ते मी नाकारत नाही. म्हाताऱ्या माणसाचं होतं तसं. पण मग ते शुद्धीवर आले. पूर्ण. आणि तोंड उघडलं तर आत मी नाही.

वेंकट अंबत्तूरच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो. कामावरून दुचाकीनं दवाखाना, तिथून घर. त्या संध्याकाळी तो स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसला.

"अप्पांचं डोकं गेलं गं."

"ऐयो. असं काय म्हणता?"

"मग काय म्हणू? मी म्हटलं, अप्पा, मी कोण? तर 'हें-ह' करतात. नुसता वारा तोंडातून. लाळ गळते. माझ्याकडे असं बघतात जसं काय मीच खुळा."

मी डबीत ओरडले. "खुळाच आहेस! वेंकट म्हणताहेत ते! वेंकट म्हणायला दात लागतात रे!" कुणाला ऐकू जाणार? मला तोंड कुठंय?

पुढच्या दिवशी रंजनी सांगत होती, "डाव्या हातानं सारखं तोंडाकडे बोट दाखवतात. भूक लागली असेल म्हणून मी कांजी भरवली. थुंकली माझ्या अंगावर. मामंजी! जे माझ्यावर आजवर एकदाही ओरडले नाहीत, ते!"

"तुला ओळखत नाहीत आता."

"लहान मूल झालं त्यांचं."

लहान मूल! मोंबासा, दारेस्सलाम, कित्वे एकट्यानं पार केलेला माणूस तोंडाकडे बोट दाखवून सांगतोय की दात आणा, दात आणा, आणि हे त्याच्या तोंडात चमचा खुपसताहेत. उजवा हात प्लास्टरमध्ये, लिहून दाखवायची सोय नाही. डाव्या हातानं ते हवेत काहीतरी काढायचे, तर आया म्हणायची, ताता माशा मारतायत.

मांबलमची गाडी गेली की आमची बाल्कनी थरथरते. जाळीही थरथरते. प्रत्येक गाडीसरशी मी डबीत आपटून घ्यायचे. वाटायचं, डबी सरकेल, सरकत सरकत काठावर येईल, पडेल, आवाज होईल, कुणीतरी उघडेल. दिवसभर गाड्या. बीच स्टेशनकडे जाणाऱ्या, तांबरमकडे जाणाऱ्या. डबी साबणाच्या पुड्याला टेकलेली, तसूभर हलेना. देवाला हात जोडायला हात नाहीत, दात तेवढे होते, ते खाल्ले मी.

मग त्यांनी खाणं बंद केलं. खाणं बंद केलं म्हणजे काय, तोंड मिटून घेतलं. अपमान झालेला माणूस दुसरं काय करणार? डॉक्टरनं नाकातून नळी घातली. गुंडोरावांनी ती डाव्या हातानं उपटली. पुन्हा घातली. पुन्हा उपटली. मग त्यांचा डावा हात बँडेजनं पलंगाच्या दांडीला बांधला.

हे वेंकटनं स्वयंपाकघरात सांगितलं. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद करायलाही कुणी उठलं नाही. मग वेंकट म्हणाला, "तांबरमच्या पुढे एक चांगलं आहे. मुदियोर इल्लम. नर्स असतात चोवीस तास. एसी आहे. मी बोलून आलो."

मुदियोर इल्लम म्हणजे वृद्धाश्रम.

"आपण घरी नाही का बघू शकत?" रंजनी म्हणाली.

"कोण बघणार? तू उचलशील त्यांना? मी नोकरी सोडू? त्यांना कळत असतं तर गोष्ट वेगळी. त्यांना कुठं काय कळतंय, रंजनी? घर काय नि तांबरम काय, त्यांना सारखंच."

आणि तो रडला. मी सांगते ना, बापावर जीव होता. म्हणून तर जास्त संताप येतो. जीव लावणारी माणसं आणि एकालाही सुचू नये की म्हाताऱ्याच्या तोंडात हात घालून बघावं, आत काय कमी आहे?

परवाच्या दिवशी तिकडे हलवायचं ठरलं. संयुक्ता रजा काढून घरी थांबली, ताताची धोतरं धुऊन बांधून द्यायला. ती बाल्कनीत आली, साबणाचा पुडा उचलला, आणि मागची डबी तिच्या पायावर पडली. झाकण उडालं. मी फरशीवर, वरची एकीकडे, खालची एकीकडे.

किंचाळली. मग खाली बसली. मला उचललं. उष्टं नाही म्हणाली, शी नाही म्हणाली. बघत राहिली. आणि एकदम तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिचेही दात गेले.

"अम्मा!" ती इतक्या जोरात ओरडली की समोरच्या फ्लॅटातली बाई बाहेर आली. "अम्मा, ताताचे दात इथं आहेत! दात इथं आहेत! मग तिथं ते कशानं बोलतायत?"

रंजनी पदराला हात पुसत आली. माझ्याकडे बघितलं. साबणाच्या पुड्याकडे बघितलं. भिंतीला टेकवलेल्या काठीकडे बघितलं. तशीच भिंतीला धरून खाली बसली.

संयुक्तानं मला पेस्ट लावून घासलं, रुमालात गुंडाळलं, आणि रिक्षात बसली. वाटेत बापाला फोन केला. तमिळ, इंग्लिश, मराठी सगळं एकदम. "अप्पा, तू ये. आत्ता ये. मी नाही सांगत फोनवर. ये म्हटलं ना!"

वॉर्डात शिरलो. गुंडोराव मलाच ओळखू येईनात, मग इतरांना काय येणार? गाल आत गेलेले, नाक हनुवटीला टेकायला आलेलं, नाकात नळी. हात दांडीला. संयुक्तानं रुमाल उघडला. त्यांचे डोळे माझ्यावर आले, आणि ते डोळे मी सांगू शकत नाही.

ती बँडेजची गाठ सोडायला लागली. आया धावत आली, "ए, सोडू नको, नळी काढतील!"

"काढू देत!" संयुक्ता दातओठ खाऊन म्हणाली. "मीच काढते हवं तर!" आया मागे सरली.

हात सुटला. गुंडोरावांनी आधी काय केलं माहीत आहे? चादर डोक्यावरून ओढून घेतली. आत, अंधारात, डाव्या हातानं मला तोंडात घातलं. इतक्या दिवसांनी हिरड्या बसलेल्या. वरची कशीबशी चिकटली, खालची नाचायला लागली. मी जिथं टेकले तिथं दुखत होतं, मला कळत होतं, पण त्यांनी दाबून धरली. मग चादर काढली. गालांत जीव आला. संयुक्ताकडे बघितलं आणि म्हणाले,

"इतके दिवस काय करत होतां गं तुम्ही लोक?"

स्वच्छ. एकेक अक्षर.

ती त्यांच्या छातीवर पडून रडायला लागली. "बस, बस," ते म्हणाले. "मोडलेलं हाड आहे, आणखी मोडूं नकोस. वेंकट कुठं?"

वेंकट आला तो हेल्मेट डोक्यात ठेवूनच आला. मागून रंजनी. दोघं पायाशी उभे राहिले. गुंडोरावांनी खालची कवळी अंगठ्यानं दाबून धरली आणि बोलायला लागले.

"सगळं ऐकलें मीं. इथेंच उभें राहून बोलत होतास. डोकं गेलं म्हणालास. तांबरमच्या पुढं आहे म्हणालास. एसी आहे म्हणालास."

"अप्पा..."

"मी मोंबासा बघितलं. दारेस्सलाम बघितलं. कित्वे बघितलं. कुठंही जा म्हटलं तर गेलों, तुमच्यासाठीं गेलों, कधीं तक्रार केली नाहीं. तांबरम तेवढं नको रे, वेंकटा."

वेंकटनं हेल्मेटची काच खाली ओढली. आतून त्याचा आवाज येत होता, पण तो बोलणं नव्हतं.

रंजनी पुढे झाली. "मामंजी, मी ती डबी... मीच काठीनं..."

"तूं कांजी बरी केली होतीस," गुंडोराव म्हणाले. "मीठ कमी. उद्या घरीं ढोबळ्या मिरचीचा कायरस कर. झणझणीत. दात आहेत आता."

ती हसली आणि रडली, दोन्ही. वेंकट डॉक्टरांना जाऊन भेटला, उद्या सकाळी घरी न्यायचं ठरवून आला. गुंडोराव बोलत राहिले. कुणाला थांबवायचं सुचलं नाही. विमानतळावर कसे दाढा खायचे ते सांगितलं. तोकड्या शर्टांबद्दल विचारलं, "इतके आखूड कसे रे व्हायचे?" वेंकट म्हणाला, "मला बरोबर बसायचे, अप्पा." "पोय," गुंडोराव म्हणाले. वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही हसला. हिरड्या रक्ताळल्या होत्या. मी त्यांना कापत होते आणि ते बोलत होते. मी म्हणत होते, थांबा हो, उद्यासाठी ठेवा थोडं. ते थांबेनात. मोजून दिलेल्या वेळाची त्यांना माझ्याहून जास्त जाण होती बहुतेक.

दुपार उतरली तसा ताप चढला. नळी उपटली तेव्हा कधीतरी पातळ अन्न छातीत उतरलं होतं म्हणे. ते आत सडत होतं. बोलता बोलता धाप लागली. नर्स धावली, डॉक्टर धावले. नाकातोंडावर मास्क लावायचा होता.

"दात काढा," नर्स म्हणाली.

गुंडोरावांनी मान हलवली. नाही. तिनं बोट घालून मला काढलं आणि संयुक्ताच्या तळहातावर ठेवलं. ओली, गरम, रक्ताचा डाग असलेली. तिनं मूठ मिटली.

मास्क यायच्या आधी गुंडोरावांनी वेंकटचा हात धरला आणि काहीतरी म्हणाले. मोठं वाक्य होतं. जोर लावून म्हणाले. पुन्हा म्हणाले. वेंकट त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन म्हणत होता, "काय अप्पा? काय? पुन्हा सांगा." तिसऱ्यांदाही म्हणाले. मग मास्क बसला.

ते घरी आले नाहीत.

नेण्याच्या वेळी रंजनी म्हणाली, त्यांचे दात घाला, मामंजी असे कुणापुढे कधी आले नाहीत. भटजी म्हणाले, प्लास्टिक चालत नाही, आणि जबडाही आता उघडत नाही. मग ती उपरण्याचं टोक त्यांच्या तोंडावर धरून बसली. माणसं येत होती, दर्शन घेत होती, तिनं टोक खाली सोडलं नाही. हात बदलून बदलून धरलं, शेवटपर्यंत.

तेरावा झाला. धोतरं देऊन झाली, चपला देऊन झाल्या, चष्मा देऊन झाला. कवळी कुणाला देणार? कचरेवालीला रंजनीनं विचारलं, तर ती म्हणाली, "ओला की सुका तेवढं सांगा अक्का." रंजनीनं दार लावून घेतलं आणि मला परत डबीत घातलं. आता काठीनं नाही, हातानं घालते. रोज काढते, पुसते, घालते. काय उपयोग?

आणि वेंकट. रोज सकाळी अंबत्तूरला निघायच्या आधी बाल्कनीत येतो. झाकण उघडतो. मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे. त्याला काय विचारायचंय मला ठाऊक आहे. अप्पा शेवटी काय म्हणाले, तीनदा काय म्हणाले? ज्या कवळीतून बापाचा प्रत्येक शब्द बाहेर आला, तिला तरी ठाऊक असेल असं त्याला वाटतं.

नाही रे बाबा. ते मी ऐकलं नाही. मी तुझ्या लेकीच्या मुठीत होते. बाकी सगळं माझ्यातून गेलं, तेवढं एक माझ्याशिवाय गेलं. मी जोडून जोडून बघते. त्यांची जीभ कुठं लागली असेल, ओठ कसे हलले असतील. काही लागत नाही. मला तुझ्याहून जास्त काही ठाऊक नाही, आणि हे तुला सांगायलाही मला तोंड नाही.

पण तुम्ही, जे हे वाचताय ते, तुम्हाला तोंड आहे, पाय आहेत. तुमच्याकडचा म्हातारा बरळतोय म्हणता? तुमची म्हातारी ओळखत नाही म्हणता? आधी उठा. उशाखाली बघा, पेल्यात बघा, न्हाणीघराच्या कोनाड्यात बघा, साबणाच्या पुड्यामागे बघा. दात शोधा, चष्मा शोधा, कानातलं यंत्र शोधा. ते त्यांच्या अंगावर चढवा आणि मग विचारा, मी कोण? मग काय ते ठरवा, तांबरम की घर.

आता बसू नका वाचत. जा.